मरणाऱ्याला खिडकी कशाला?

'मरणाऱ्याला खिडकी कशाला?' हा प्रश्न इतक्या उघड्या शब्दांत कोणी विचारीत नाहीं. आपला समाज सभ्य आहे. आणि सभ्य समाजांत क्रूर प्रश्न तोंडानें विचारावयाचे नसतात, ते विटांनीं व चुन्यानें विचारावयाचे असतात. शहरांतल्या कोणत्याहि नव्या मोठ्या रुग्णालयांत जाऊन पाहावें. दर्शनी दालनांत संगमरवर, काचेचें छत, कुंड्यांतलीं परदेशी झाडें, कॉफीचें दुकान, आणि देणगीदारांच्या नांवांची सोनेरी फळी. हा थाट कोणासाठीं? जो उभा आहे त्याच्यासाठीं. जो आपल्या पायांनीं आला व आपल्या पायांनीं परत जाणार त्याच्यासाठीं. मग लिफ्टनें वर जावें आणि अतिदक्षता-विभागाच्या दारांतून आंत डोकवावें. तेथें आठ-दहा माणसें उताणीं निजलेलीं. दिवस आहे कीं रात्र हें कळावयास मार्ग नाहीं. वर पांढऱ्या चौकोनांचें खोटें छत, त्यांत नेमका डोळ्यांवर येणारा दिवा, भोंवतीं यंत्रांची अखंड टिंवटिंव. घरच्या माणसांस सकाळीं थोडीं मिनिटें, संध्याकाळीं थोडीं मिनिटें. ज्याला बरें होऊन घरीं जावयाचें आहे त्यानें हें चार दिवस सोसावें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण जो जाणार नाहीं, आणि जो जाणार नाहीं हें त्याच्या वैद्यांस, त्याच्या मुलांस व बहुधा त्याला स्वतःलाहि ठाऊक आहे, त्याला याच छताखालीं कां निजविलें आहे? 'उपाय चालू आहेत' हें उत्तर वैद्यकाचें झालें. स्थापत्याचें उत्तर एकच संभवतें: त्याच्यासाठीं दुसरी जागाच कोणी बांधली नाहीं.

या जागेला आपल्या भाषेंत अजून धड नांवहि नाहीं. इंग्रजींत तिला 'हॉस्पिस' म्हणतात. ज्यांचा रोग आतां हटावयाचा नाहीं असें ठरलें आहे, त्यांच्या वेदना मात्र हटवावयाच्या, आणि उरलेले दिवस, आठवडे किंवा महिने त्यांस त्यांच्या मनाप्रमाणें जगूं द्यावयाचे, हें तिचें काम. हॉस्पिटल, हॉटेल आणि हॉस्पिस हीं तिन्ही एकाच लॅटिन कुळांतलीं भावंडें. पाहुणा व यजमान यांच्या नात्यापासून त्या कुळाचा आरंभ झाला. दोन भावंडांनीं जगांत नांव काढलें व पैसा केला, तिसरें गरीबच राहिलें. मराठींत कोणी 'अंत्यसेवागृह' म्हणतात. मला विचाराल तर आपला 'धर्मशाळा' हा शब्द अधिक जवळचा आहे, कारण मध्ययुगीन युरोपांतलें हॉस्पिस हें यात्रेकरूंच्या उतरण्याचें ठिकाणच होतें. आणखीहि एक शब्द आपल्याजवळ आहे, आणि त्याचा अर्थ आपण पार विसरून गेलों आहों. 'शुश्रूषा' या शब्दाचा धात्वर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. तेव्हां शुश्रूषागृह म्हणजे, शब्दाशीं प्रामाणिक राहावयाचें तर, जेथें निजलेल्या माणसाचें कोणी ऐकून घेतें तें घर. गल्लोगल्लींच्या पाट्यांवर हा शब्द रंगविणाऱ्या रंगाऱ्यास हें ठाऊक नसेल. पाटी लावणाऱ्या वैद्यांस ठाऊक असावयास हरकत नव्हती.

खिडकीचा विषय काढला तो उगाच नव्हे. आधुनिक हॉस्पिसाची कथाच मुळीं एका खिडकीपासून सुरू होते. १९४८ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत डेव्हिड टास्मा नांवाचा, पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित कर्करोगानें मरणास टेकला होता. वय चाळिसाच्या आंतबाहेर. जवळचें असें कोणी नाहीं. सिसिली सॉन्डर्स नांवाची एक समाजसेविका त्याच्या उशाशीं येऊन बसे. त्याच्यासारख्यास अधिक बऱ्या रीतीनें मरतां येईल असें एखादें घर असावें, याविषयीं दोघांचें बोलणें होई. मरतांना त्यानें आपले पांचशें पौंड तिच्या हवालीं केले, आणि तुझ्या त्या घरांतली एक खिडकी मी होईन, अशा अर्थाचें कांहीं तो बोलला. त्या खिडकीभोंवतीं घर उभें करावयास बाईंना एकोणीस वर्षें लागलीं. त्यासाठीं त्या तिशी उलटल्यावर वैद्यक शिकल्या, १९५७ सालीं डॉक्टर झाल्या, हॅकनीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसांत सात वर्षें मरणाऱ्यांच्या वेदनांचा अभ्यास केला, आणि १९६७ सालीं दक्षिण लंडनच्या सिडनहॅम भागांत सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें. टास्माची खिडकी त्या इमारतीच्या दर्शनी भागांत बसविली. पांचशें पौंडांत त्या माणसास पुष्कळ कांहीं मागतां आलें असतें. आपल्याकडच्या देणगीदारानें निदान एक फळी तरी मागितली असती. मरणाराला काय हवें असतें तें मरणाऱ्यालाच विचारलें तर उत्तर किती निराळें येतें पाहा!

येथें पहिला आक्षेपक उठतो. आणि तो मूर्ख नसल्यामुळें त्याचें ऐकून घेणें प्राप्त आहे. तो म्हणतो, 'ज्या देशांत मरणाऱ्याला मॉर्फीन मिळत नाहीं, त्या देशांत खिडकीच्या गोष्टी कसल्या करतां?' आक्षेप खरा आहे. अफू पिकविणाऱ्या या देशांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फीन इतक्या परवान्यांच्या कुलुपांत घातलें कीं अनेक रुग्णालयांनीं तें ठेवण्याचेंच सोडून दिलें. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन तीं कुलुपें बरीच सैल झालीं, पण कुलूप दिसलें कीं परत फिरावयाचें ही संवय अजून गेलेली नाहीं. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' पत्राच्या संशोधन-विभागानें माणसाला मरण कोणत्या प्रतीचें मिळतें या दृष्टीनें देशांची क्रमवारी लावली, तींत २०१० सालीं चाळीस देशांत आपला क्रमांक चाळिसावा होता, आणि २०१५ सालीं ऐंशी देशांत सदुसष्टावा. अशा क्रमवाऱ्या कितपत शास्त्रीय असतात याविषयीं मला शंका आहे. पण शेवटून पहिलें येण्यास शास्त्राची फारशी जरुरी नसते. तेव्हां मॉर्फीन आधीं, हें कबूल. पण मॉर्फीन दिल्यावर काय? आक्षेपकाची चूक होते ती येथें. वेदनेनें पिळून निघणाऱ्या माणसाला भिंत काय नि समुद्र काय, दोन्ही सारखींच. त्याला डोळे नसतात, कान नसतात, तो नुसता एक दुखरा गोळा असतो. औषधानें ती वेदना ओसरली म्हणजे तो पुनः माणूस होतो. त्याला दिसूं लागतें, ऐकूं येऊं लागतें, भूक लागते, लाज वाटूं लागते, नातवाची आठवण होते. आतां त्याला बघावयास कांहींतरी पाहिजे. म्हणजे औषध जितकें चांगलें तितकी खोलीची जबाबदारी वाढते. मॉर्फीन नियमित वेळीं, तोंडावाटें, वेदना उसळण्याची वाट न पाहतां द्यावें, हें ज्या बाईंनीं जगाला पटविलें त्यांनींच आपल्या घराचा आरंभ खिडकीपासून केला, ही गोष्ट आमच्या आक्षेपकानें लक्षांत घ्यावी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं सन्मानानें मरणें हा जगण्याच्याच हक्काचा भाग असल्याचें मान्य केलें. नको तो उपचार नाकारण्याची आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ सालीं तिची रीत पुष्कळ सुलभ केली. सुशिक्षित घरांतून असे कागद आतां होऊं लागले आहेत, व तें योग्यच आहे. पण कागदावर सही करणाऱ्यास मला एक विचारावयाचें आहे. 'मला अतिदक्षता-विभागांत नेऊं नका' असें आपण लिहिलेंत. मग कोठें न्यावयाचें तें लिहिलेंत काय? हक्क मिळाला, तो बजावावयाची खोली कोणती?

ती खोली कशी असावी याचा विचार जगांत झालेला नाहीं असें नाहीं. १९२९ सालीं फिनलंडांत पैमिओ येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठीं स्पर्धा झाली. ती आल्वार आल्टो या तरुण स्थपतीनें जिंकली आणि १९३३ सालीं इमारत पुरी झाली. क्षयावर औषध निघावयाचें होतें. तेथें जाणाऱ्यांतले कित्येक परत यावयाचे नव्हते. त्या सुमारास आपण स्वतः आजारी पडून होतों व खोल्या या उभ्या माणसासाठीं असतात, निजलेल्यासाठीं नसतात, हें तेव्हां कळलें, असें आल्टो पुढें सांगत असे. गोष्ट थोडी रंगविलेली असेल. स्थपतींस ती खोड असतेच. पण खोल्या मात्र खऱ्या आहेत. निजलेल्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर असतें तें छत. म्हणून छताला भिंतीपेक्षां गडद असा शांत हिरवट रंग दिला. दिवा अशा ठिकाणीं लावला कीं त्याची ज्योत उशीवरून दिसूं नये. उष्णता छतांतल्या पत्र्यांतून, पण डोक्यावर नव्हे, पायांकडे येईल अशी योजना केली. हात धुण्याच्या भांड्याला असा उतार दिला कीं पाण्याची धार पडतांना शेजारच्याची झोंप मोडूं नये. खाटा ढकलून बाहेर आणाव्या व पाइनच्या रानाकडे पाहत निजावें यासाठीं सज्जे केले. यांत अलंकार एकहि नाहीं. प्रत्येक गोष्ट 'हा माणूस निजलेला आहे' या एका वाक्यापासून निघालेली आहे.

त्याच्या उलट बाजूस ल कार्बुझिएचें उदाहरण आहे. या शतप्रज्ञ माणसानें आयुष्याच्या अखेरीस, १९६४-६५ सालीं, व्हेनिसच्या रुग्णालयाचा आराखडा केला. त्यांतल्या रुग्णांच्या कोठड्यांस खिडकीच नव्हती. उजेड वरून, भिंतीवर परावर्तित होऊन यावयाचा होता. व्हेनिससारखें शहर बाहेर, आणि रोग्याला त्याचा एक तुकडाहि दिसूं द्यावयाचा नाहीं! कार्बुझिए १९६५ सालीं वारला, आराखडा पुढें बांधला गेला नाहीं, आणि स्थापत्याच्या विद्यालयांतून त्याचीं चित्रें भक्तिभावानें दाखविण्यांत येतात. चित्रें सुरेख आहेत हें मी नाकारीत नाहीं. पण निजण्याची पाळी आल्यास मी पैमिओस जाईन.

पंधराव्या शतकांतल्या लोकांसहि हें कळत होतें. बर्गंडीचा प्रधान निकोला रोलँ यानें १४४३ सालीं बोन गांवीं गरिबांसाठीं जें रुग्णालय स्थापिलें, त्याच्या लांबलचक दालनाच्या टोंकास प्रार्थनामंदिर ठेवलें, तें एवढ्यासाठीं कीं रोग्यांस खाटेवरूनच पूजा दिसावी व ऐकूं यावी. तेथें रोहिर व्हान डेर वेडेन याचें अंतिम न्यायाचें प्रचंड चित्र होतें. सणावारीं त्याचीं दारें उघडीत. मरतांना नरकाचें चित्र मला स्वतःला नको आहे. पण खाटेवरून काय दिसतें हा प्रश्न त्या बांधणाऱ्यानें स्वतःस विचारला होता, आणि आमच्या रुग्णालयांचे आराखडे काढणारे बहुधा विचारीत नाहींत.

ज्यांस आंकड्यांवांचून कांहींच खरें वाटत नाहीं त्यांच्यासाठीं रॉजर उलरिक याचा निबंध आहे. तो १९८४ सालीं अमेरिकेंतल्या 'सायन्स' या नियतकालिकांत छापला गेला. पेन्सिल्व्हेनियांतल्या एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या शेहेचाळीस रोग्यांच्या नोंदी त्यानें जोड्या लावून ताडून पाहिल्या; अर्ध्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, अर्ध्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे लौकर घरीं गेले व त्यांस तीव्र वेदनाशामकें कमी लागलीं. हे रोगी बरे होणारे होते, मरणारे नव्हते. तेव्हां या निबंधावर मी फार भार देत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर झाड पाहून बरें वाटतें हें कळावयास पेन्सिल्व्हेनियाला जावें लागत असेल तर आपण शाळेंत काय शिकलों?

दुसरा आक्षेपक संस्कृतीचा कैवारी आहे. 'हीं पाश्चात्यांचीं खुळें. त्यांच्यांत आईबापांस कोणी विचारीत नाहीं, म्हणून त्यांस अशीं घरें लागतात. आमच्याकडे माणूस आपल्या घरांत, मुलाच्या मांडीवर डोकें ठेवून, तोंडांत तुळशीपत्र व गंगोदक घेऊन जातो.' हें चित्र मलाहि प्रिय आहे. पण तें ज्या घरांत काढलें होतें तें घर कोठें आहे? वाड्यांत मरणाऱ्याला माजघरांत किंवा ओटीवर आणीत, शेवटीं भुईवर घेत. जमीन सारवलेली, समोर अंगण, अंगणांत तुळस. गाईच्या हंबरण्यापासून नातवंडांच्या भांडणापर्यंत सारा संसार त्याच्या कानांवरून जाई. कोणा स्थपतीनें न आंखलेली ती अंत्यसेवागृहाची उत्तम रचना होती. आज आपण सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतों. लिफ्टमध्यें खाट मावत नाहीं. म्हणून ज्याला आडवें न्यावयाचें त्याला खुर्चीला बांधून, बसवून खालीं उतरवितात. हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस वर्णन नको, व ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस तें मी करणार नाहीं. शिवाय ती संस्कृति कोणाच्या कमरेवर उभी होती? घरांतल्या सुनेच्या आणि आश्रित विधवेच्या. रात्रंदिवस उशापायथ्याशीं बसणारी ती सून आज कचेरींत जाते, आणि ती विधवा सुदैवानें कोणाची आश्रित उरलेली नाहीं. संस्कृतीचा कैवारी स्वतः किती रात्री कोणाचें भांडें उचलावयास बसला होता, हें विचारणें असभ्यपणाचें होईल. म्हणून विचारीत नाहीं.

आणि हें खूळ पाश्चात्यांचें म्हणावें तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पंधरावा अध्याय काढून पाहावा. रोग्यासाठीं घर कसें बांधावें तें तेथें सांगितलें आहे: भक्कम असावें, वाऱ्याचा झोत अंगावर येऊं नये, पण एका बाजूनें हवा खेळावी, धूर, ऊन, धूळ व नकोसे आवाज आंत पोंचूं नयेत, पाण्याची, शौचाची, स्वयंपाकाची सोय त्यांतच असावी, आणि सेवकांबरोबर गाणारे, वाजविणारे, गोष्टी सांगणारे लोकहि असावे. गोष्टी सांगणारा माणूस ज्या यादींत आहे अशी रुग्णालयाच्या सामानाची यादी आजच्या कोणत्या व्यवस्थापकानें केली आहे? प्रामाणिकपणानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं तें घर उपचारानें बरें व्हावयाच्या माणसाचें होतें. असाध्य रोग्याला हात लावूं नये, त्यानें वैद्याचें यश व द्रव्य बुडतें, असाच आपल्या जुन्या शास्त्राचा कल आहे. असाध्याला जागा दिली ती वैद्यांनीं नव्हे, तीर्थांनीं. काशींत मुक्तिभवनासारख्या वास्तूंची प्रथा पडली ती यांतूनच: लहान लहान खोल्या, बरोबर कुटुंबानें येऊन राहावयाचें, सुमारें पंधरा दिवसांची मुदत. वैद्यकीय उपचार हा त्यांचा हेतु नव्हे, आणि मुदतीची कल्पना मला भयंकर वाटते. पण मरणारा एकटा येत नाहीं, त्याच्याबरोबर घर येतें, एवढें शहाणपण त्या साध्या खोल्यांत आहे, व तें आपल्या काचेच्या मनोऱ्यांत नाहीं.

तिसरा आक्षेप केरळाचा. तो करणारे लोक कामाचे आहेत, म्हणून त्यांच्याशीं वाद घालतांना आवाज खालीं आणावासा वाटतो. १९९३ सालीं कालिकतास डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. तिच्यांतून गांवोगांवच्या स्वयंसेवकांची अशी चळवळ उभी राहिली कीं परिचारिका घरीं जाऊन जखम धुते, औषध देते, शेजारी तांदूळ पोंचवितात. २००८ सालीं त्या राज्यानें या सेवेचें धोरणच जाहीर केलें. जगांतल्या जाणत्यांनीं त्याची वाखाणणी केली आहे. 'तेव्हां इमारत नको, माणसें हवींत,' असें हे लोक म्हणतात. दहांतल्या आठ माणसांपुरतें तें खरें आहे. उरलेल्या दोघांचें काय? ज्याची वेदना रात्रीं घरांत आवरत नाहीं, ज्याला घरच नाहीं, ज्याची बायको त्याच्याइतकीच म्हातारी आहे, त्याचें काय? कालिकतच्या या कार्यकर्त्यांसहि आंतररुग्णांसाठीं खाटा ठेवाव्या लागल्या आहेतच. मुंबईंत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर, फाइलींच्या पिशव्या उशाशीं घेऊन, बिहार-बंगालपासून आलेलीं कुटुंबें निजतात. दादरची गाडगे महाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा अशा लोकांस आसरा देते, पण ती किती जणांस पुरणार? हजार मैलांवर असलेल्या घरीं कोणती परिचारिका जाईल?

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. आमच्या शहरांतल्या एका विश्वस्त-मंडळास (त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण दुसरें मंडळ असतें तरी हेंच घडलें असतें) अशाच एका घरासाठीं मोठी देणगी मिळाली, आणि आराखडा पाहावयास चार सुशिक्षित माणसांस बोलावलें, त्यांत मी होतों. आराखड्यांत प्रवेशदालनाला दुमजली उंची होती. ध्यानमंदिर होतें. प्रत्येक रोग्यास स्वतंत्र वातानुकूलित खोली, भिंतीवर दूरचित्रवाणी-संच, आणि बंद काचेची खिडकी, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. स्वयंपाकघर तळघरांत. नातेवाईकांसाठीं प्रत्येक मजल्यावर सहा खुर्च्या. आणि शव बाहेर नेण्याची वाट मागच्या बाजूनें, कचऱ्याच्या खोलीला लागून. 'मागचें दार कां?' असें विचारतां उत्तर आलें कीं इतर रुग्णांच्या मनावर परिणाम होऊं नये म्हणून.

या आराखड्यांत दुष्टपणा कोठेंच नाहीं, आणि म्हणूनच तो अधिक अभ्यासनीय आहे. सहा महिने उशीवर पडून असलेल्या माणसाला दुमजली प्रवेशदालन एकदांच दिसणार. ढकलगाडीवरून आंत येतांना, तेंहि उलटें. त्याच्या डोळ्याची उंची जमिनीपासून अडीच फूट. साडेतीन फुटांवरच्या खिडकींतून त्याला झाडाचा शेंडा दिसला तर दिसेल, अंगण दिसणार नाहीं, येणारें माणूस दिसणार नाहीं, कुत्रें दिसणार नाहीं. कट्टा दीड फुटावर आणावयाचा, त्याला गज लावावयाचे, दार खाट बाहेर जाईल इतकें रुंद करावयाचें व पुढें पडवी काढावयाची, एवढेंच हें काम आहे. बंद काच तर सरळ अपराध आहे. कर्करोगाच्या उघड्या जखमांस वास येतो; त्या वासाची लाज रोग्याला मरणाहून अधिक वाटते, आणि भेटावयास आलेली मुलगी नाकाला पदर लावीत नाहीं ना, हें तो डोळे मिटून पाहत असतो. कोंकणांतलीं कौलारू घरें समोरासमोरच्या खिडक्यांनीं व वरच्या झरोक्यांनीं हवा काढून देतात. शीतयंत्रानें बंद केलेली खोली ती जपून ठेवते. शौचकूप खाटेपासून सहा पावलांवर आहे कीं सोळा, यावर पुष्कळांचा स्वाभिमान आणखी एक महिना टिकतो किंवा आजच जातो. त्या आराखड्यांत तें बारा पावलांवर होतें, कारण मधल्या जागेंत कपाट होतें. मरणाऱ्याला एवढें मोठें कपाट कशाला, हा प्रश्न मात्र कोणास सुचला नाहीं!

स्वतंत्र खोलीविषयीं माझें मत पुष्कळांस पटणार नाहीं. ज्याला एकांत हवा त्याला तो मिळालाच पाहिजे, आणि शेवटच्या रात्रीं तर मिळालाच पाहिजे. पण आमचीं माणसें जन्मभर चारचौघांत निजलेलीं असतात. त्यांस पंचतारांकित कोठडींत ठेवणें हा त्यांच्या दृष्टीनें एकांतवास आहे, आणि तो आपण तुरुंगांत शिक्षा म्हणून देतों. चार खाटांचें दालन, मध्यें ओढतां येणारा पडदा, शेजारच्याशीं पावसाच्या गप्पा. शेजारचा एक दिवस शांतपणें गेला तर 'हें इतकें सोपें असूं शकतें' हेंहि त्यांतून कळतें. खाट भिंतीला खिळलेली नसावी. कोणाला शेवटीं भुईवर घ्यावयाचें असतें, कोणाचें तोंड काबाकडे करावयाचें असतें, कोणाजवळ पाद्रीबावांस उभें राहावयाचें असतें. मुंबई-पुण्याच्या एकाच दालनांत एकाच आठवड्यांत हें तिन्ही घडेल. आणि स्वयंपाकघर! तळघरांतून झांकलेल्या ताटांत जो वरणभात येतो तो आहार असतो. शेजारच्या चुलीवर बायकोनें केलेली दोन घांस पेज ही निराळी गोष्ट आहे. स्कॉटलंडांत मॅगी केझिक या बाईंना कर्करोग उलटल्याचें सांगितल्यावर रुग्णालयाच्या बिनखिडकीच्या बोळांत बसावें लागलें होतें. त्या अनुभवांतून जीं केंद्रें निघालीं, आणि ज्यांतलें पहिलें त्यांच्या मृत्यूनंतर १९९६ सालीं एडिंबरोला उघडलें, तीं हॉस्पिसें नव्हेत, तेथें कोणी राहत नाहीं. पण त्या प्रत्येकाच्या मध्यभागीं काय ठेवलें आहे? स्वयंपाकघरांतलें टेबल. आमच्या मंडळानें तेथें स्वागतकक्ष ठेवला आहे.

मागच्या दाराचें सांगावयाचें राहिलें. इतरांच्या मनावर परिणाम होऊं नये म्हणतां? बाजूची खाट सकाळीं रिकामी दिसते, चादर बदललेली असते, आणि कोणी कांहीं बोलत नाहीं. याचा परिणाम होत नाहीं काय? सान फ्रान्सिस्कोला झेन पंथीयांचें एक लहानसें घर होतें. तें २०१८ सालीं बंद पडलें. तेथें कोणी गेलें म्हणजे त्याला बागेंतून दारापर्यंत नेतांना सगळे थांबत, आठवणी सांगत, अंगावर फुलांच्या पाकळ्या टाकीत. आपल्याकडे तर आळींतून कोणी निघाला तर दुकानदार उठून उभा राहतो, अनोळखी माणूस हात जोडतो. हा रिवाज ज्या समाजांत जिवंत आहे त्या समाजाच्या अंत्यसेवागृहानें आपला मृत कचऱ्याच्या वाटेनें काढून द्यावा काय? ज्या दारानें तो आंत आला त्याच दारानें तो बाहेर गेला पाहिजे.

आपल्याकडे चांगलें कांहींच नाहीं असें कोणी समजूं नये. वांद्र्याच्या टेंकडीवर माउंट मेरीजवळ समुद्राकडे तोंड करून 'शांति आवेदना सदन' १९८६ पासून उभें आहे. तें देशांतलें पहिलें हॉस्पिस, आणि त्याची शाखा गोव्यांत लोटलीस आहे. पुण्याला वारज्यास १९९७ पासून एक केंद्र आहे. तेथें रोग्याबरोबर घरचें माणूस राहूं शकतें व सेवा विनामूल्य मिळते. पण एवढ्या मोठ्या प्रांतांत बोटांवर मोजण्याइतकींच अशीं घरें असावींत, आणि नवीन निघालें तर तें हॉटेलच्या धर्तीवर निघावें, याला काय म्हणावें? बुद्धि नाहीं म्हणावें तर मुंबईचेच स्थपति चार्ल्स कोरिया यांनीं लिस्बनला तेजो नदीच्या मुखाशीं कर्करोगाच्या संशोधनाचें व उपचाराचें केंद्र बांधलें. तें २०१० सालीं उघडलें, आणि त्यांत उपचार घेत बसलेल्या रोग्याच्या डोळ्यांसमोर हिरवीगार बाग ठेवली आहे. अशी एक बाग आपल्या परळच्या रोग्याला दाखवावी असें आमच्या धनिकांपैकीं किती जणांच्या मनांत आलें?

'खर्च कोठून आणावयाचा?' असें शेवटीं विचारतात. मीं त्या आराखड्याचा हिशेब एका अनुभवी ठेकेदाराकडून करून घेतला. खिडक्या खालीं आणणें, दारें रुंद करणें, पडवी काढणें, प्रत्येक दालनाशीं एक चूल व मोरी, आणि अंगणांत चार झाडें, या सर्वांस मिळून जें लागतें तें दुमजली प्रवेशदालन एकमजली केलें असतां वांचतें, आणि वर कांहीं उरतें. मंडळानें हा हिशेब विचारार्थ ठेवून घेतला आहे. आराखडा अजून मंजुरीस गेलेला नाहीं. माझी सूचना इतकीच कीं पुढच्या बैठकीस खुर्च्या मांडूं नयेत. सभागृहांत सात खाटा घालाव्या, विश्वस्तांनीं व स्थपतींनीं त्यांवर अर्धा तास उताणें निजावें, छताकडे पाहावें, पाणी हवें असल्यास हांक मारून पाहावी, आणि मग आराखडा उलगडावा.